ब्रिटिश घरातील ऊब: सेंट्रल हीटिंगची जडणघडण आणि तिचे बिघाड

घरात एकाच ठिकाणी उष्णता निर्माण करून ती पाणी, वाफ किंवा हवा यांच्या मार्फत सर्व खोल्यांत पोहोचवण्याच्या व्यवस्थेला सेंट्रल हीटिंग, म्हणजेच मध्यवर्ती तापनव्यवस्था, म्हणतात. ब्रिटनमधील बहुतेक घरांत ती आज एका ठरावीक रूपात आढळते: गॅसवर चालणारा बॉयलर पाणी तापवतो, विजेचा पंप ते पाणी तांब्याच्या पाइपांतून फिरवतो, खोल्याखोल्यांत भिंतीला लावलेले पोलादी रेडिएटर त्या पाण्यातील उष्णता खोलीत सोडतात आणि निवलेले पाणी परतीच्या पाइपाने पुन्हा बॉयलरकडे येते. वर्णन सुटसुटीत असले, तरी ही रचना कोणा एका अभियंत्याने एका वेळी आखलेली नाही. हरितगृहातील नळ, कारखान्यातील वाफ, कोळशाच्या धुराविरुद्धचा कायदा, उत्तर समुद्रातील वायू आणि इंधन वाचवण्याची निकड अशा वेगवेगळ्या काळांतील कारणांनी एकेक भाग तिच्यात आला आणि प्रत्येक भागाने स्वतःचा सोय-गैरसोयीचा हिशेब बरोबर आणला. त्यामुळे या व्यवस्थेत उद्भवणारे बिघाडही बहुधा त्या त्या काळाचे असतात. तिची घडण ज्याला कळली, त्याला रेडिएटर गार का पडला याचे कारण शोधणे पुष्कळच सोपे जाते, हे प्रस्तुत लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

शेगडीचे दीर्घ राज्य

ब्रिटनच्या भूमीवर घर तापवण्याची पहिली मध्यवर्ती व्यवस्था रोमनांनी आणली. हायपोकॉस्ट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या रचनेत खोलीची फरशी विटांच्या बुटक्या खांबांवर उचललेली असे, बाहेरच्या भट्टीतील तप्त वायू त्या पोकळीतून फिरत आणि भिंतींत बसवलेल्या पोकळ विटांमधून वर निघून जात. व्हिट्रुव्हियस या रोमन वास्तुशास्त्रज्ञाने स्नानगृहांच्या संदर्भात तिचे वर्णन केले आहे आणि इंग्लंडमधील चेडवर्थ व फिशबोर्न येथील उत्खननांत तिचे अवशेष आजही पाहता येतात. पाचव्या शतकाच्या प्रारंभी रोमन सत्ता ओसरली, तसे हे तंत्रही तेथून नाहीसे झाले आणि पुढील सुमारे चौदाशे वर्षे ब्रिटिश घराची ऊब उघड्या विस्तवावर अवलंबून राहिली.

घरात किती ठिकाणी विस्तव पेटतो, हे तेथे संपन्नतेचे माप मानले जाई. दुसऱ्या चार्ल्सच्या राजवटीत १६६२ साली बसवलेला चूलकर याच मापावर आधारलेला होता. प्रत्येक शेगडीमागे वर्षाला दोन शिलिंग द्यावे लागत आणि मोजणीसाठी अधिकारी घरात शिरत, म्हणून तो इतका अप्रिय झाला की १६८९ मध्ये रद्द करावा लागला. स्वस्त दगडी कोळसा, फारशी कडक नसलेली पण दमट हिवाळी हवा आणि मोकळ्या हवेशीर खोलीविषयीचा आग्रह, या तीन कारणांमुळे भिंतीतील उघडी शेगडी ब्रिटनमध्ये टिकून राहिली. जर्मनी, रशिया आणि स्कँडिनेव्हिया येथे तोवर बंदिस्त विटांच्या शेगड्या रुळल्या होत्या. उघड्या शेगडीतील बरीचशी उष्णता धुराड्यातून आकाशात जाते, आणि धुराडे वर ओढत असलेल्या हवेची जागा घेण्यासाठी दारे-खिडक्यांच्या फटींतून बाहेरची गार हवा आत येते. परिणामी शेगडीपुढे बसलेल्याचा चेहरा भाजतो आणि पाठ गारठते. काउंट रम्फर्ड याने १७९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात शेगडीच्या बाजूच्या भिंती तिरप्या करण्याचा आणि धुराड्याचा गळा अरुंद करण्याचा उपाय सांगितला. त्याने धूर आणि इंधनाची नासाडी कमी झाली, तरी एका शेगडीने एकच खोली तापणार ही मूळ मर्यादा तशीच राहिली. शयनगृहे, जिने आणि स्वयंपाकघरामागची धुण्याची खोली हिवाळाभर थंडगार असत, आणि कोळसा वर वाहून नेणे व राख खाली आणणे हे कष्ट घरातील स्त्रिया व नोकर यांच्या वाट्याला येत.

पाण्याचा आपोआप चालणारा फेरा

उष्णता वाहून नेण्यासाठी पाण्याचा उपयोग करण्याची कल्पना प्रथम माणसांच्या खोल्यांसाठी पुढे आली नाही. मार्टेन ट्रीवाल्ड या स्वीडिश अभियंत्याने १७१६ मध्ये न्यूकॅसल येथे एक हरितगृह गरम पाण्याने तापवले. फ्रान्समध्ये बोनमँ याने १७७७ च्या सुमारास अंडी उबवण्यासाठी गरम पाण्याचे नळ वापरले आणि धातूंच्या असमान प्रसरणावर चालणारा तापमान-नियामकही त्याला जोडला. जेम्स वॉट आणि त्याचा भागीदार मॅथ्यू बोल्टन यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस वाफेने खोल्या तापवण्याचे प्रयोग केले, परंतु वाफेचा आवाज, दाब आणि दाहकता यांमुळे ती कारखान्यांना जेवढी सोयीची ठरली तेवढी घरांना ठरली नाही. मार्क्विस द शाबान या फ्रेंच उमरावाने १८१६ नंतर लंडनमध्ये गरम पाण्याच्या व्यवस्थेचा प्रसार सुरू केला, आणि तेथून ही विद्या ब्रिटिश वास्तूंत हळूहळू रुजू लागली.

या आरंभीच्या व्यवस्थेत पंप नव्हता. तिचे तत्त्व महाराष्ट्रातील जुन्या घरांतील तांब्याच्या बंबावरून सहज ध्यानात येते: बंबात मधल्या नळीत विस्तव आणि सभोवती पाणी असते, तापलेले पाणी हलके होऊन वर चढते आणि गार पाणी तळाशी राहते. बॉयलरमध्येही हेच घडते; फरक इतकाच की तेथे वर चढणाऱ्या पाण्याला एका उभ्या पाइपातून घरभर फिरवून दुसऱ्या पाइपाने तळाशी परत आणले जाते. ८० अंश सेल्सियसच्या एक घनमीटर पाण्याचे वजन ६० अंशांच्या तेवढ्याच पाण्यापेक्षा सुमारे ११ किलोने कमी भरते, आणि वजनातील हा एक-सव्वा टक्क्याचा फरक हीच या फेऱ्याची सारी चालकशक्ती होय. तीन मीटर उंचीच्या घरात त्यातून मिळणारा दाब जेमतेम साडेतीन सेंटीमीटर उंचीच्या पाण्याइतका असतो. एवढ्या क्षीण दाबाने पाणी फिरायचे, तर पाइप मनगटाएवढे जाड, त्यांचा चढ-उतार अखंड आणि बॉयलर घराच्या अगदी खालच्या पातळीवर असणे भाग होते. पाइपाला कोठे उलटा बाक आला की तेथे हवा अडकून फेरा थांबत असे. पाइपात अडकलेल्या हवेने पाण्याची वाट बंद होण्याच्या या दोषाला एअरलॉक म्हणतात, आणि तो या व्यवस्थेतील सर्वांत जुना बिघाड आहे.

जाड पाइपांवर अँजियर मार्च पर्किन्स याने एक धाडसी तोड काढली. अमेरिकेतून लंडनला आलेल्या संशोधक जेकब पर्किन्सच्या या मुलाने १८३१ मध्ये घेतलेल्या पेटंटात घडीव लोखंडाची बारीक, जाड भिंतीची, पूर्ण बंदिस्त नळी कल्पिली होती. तिचा एक भाग वेटोळे करून भट्टीत ठेवला जाई आणि बंद नळीतील पाणी प्रचंड दाबाखाली १०० अंशांच्या कितीतरी वर तापत असे. ब्रिटिश म्युझियममध्ये आणि वास्तुतज्ज्ञ सर जॉन सोन यांच्या लंडनमधील घरात ही व्यवस्था बसवण्यात आली. अतितप्त नळ्या लाकडाला लागून गेल्या तर आगीचा धोका संभवतो, या भीतीने तिच्यावर आक्षेप घेतले गेले, आणि पुढे सर्वसाधारण घरांसाठी कमी दाबाचीच व्यवस्था स्वीकारली गेली. उष्णता सोडणारे साधन मात्र बाहेरून आले. सेंट पीटर्सबर्ग येथील कारखानदार फ्रान्झ सान गाली याने १८५० च्या दशकात ओतीव लोखंडाचा रेडिएटर घडवला, आणि अमेरिकन कंपन्यांनी शतकाच्या अखेरीस त्याचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले. रेडिएटर या नावावरून तो केवळ किरणांनी उष्णता देतो असे वाटते. प्रत्यक्षात त्याच्यापाशी तापलेली हवा वर जाऊन खोलीभर फिरते, यालाच अभिसरण म्हणतात, आणि उष्णतेचा मोठा वाटा या मार्गानेच खोलीत पोहोचतो. म्हणूनच जाड पडद्याने किंवा सोफ्याने झाकलेला रेडिएटर पुरेसा गरम असूनही खोली गार राहते.

धुक्यातून आलेला बदल

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सेंट्रल हीटिंग हे रुग्णालये, शाळा, तुरुंग आणि श्रीमंतांची मोठी घरे यांचेच वैशिष्ट्य होते. लंडनमध्ये महाराष्ट्र मंडळ १९३२ साली स्थापन झाले, त्या काळात भारतातून शिक्षणासाठी गेलेल्यांच्या भाड्याच्या खोल्यांतील ऊब कोळशाच्या शेगडीवर किंवा नाणे टाकल्यावर ठरावीक वेळ चालणाऱ्या गॅसच्या शेगडीवरच अवलंबून असे. या स्थितीला पहिला मोठा धक्का ५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत लंडनवर साचलेल्या विषारी धुरक्याने दिला. लक्षावधी घरांच्या धुराड्यांतून निघालेला कोळशाचा धूर थंड, स्थिर हवेत अडकला. त्या काळी सुमारे ४,००० मृत्यू त्याच्यामुळे झाल्याचे मानले गेले आणि नंतरच्या अभ्यासांनी हा आकडा १२,००० पर्यंत असू शकेल असे दाखवले. त्यातून १९५६ चा स्वच्छ हवा कायदा आला, शहरांत धूरमुक्त विभाग जाहीर झाले आणि उघड्या कोळशाच्या शेगडीचे दिवस भरले.

दुसरे कारण घरांच्या दर्जाविषयीच्या नव्या अपेक्षेत होते. सर पार्कर मॉरिस यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९६१ मध्ये दिलेल्या अहवालात, बाहेर उणे १ अंश तापमान असताना बैठकीच्या भागात १८ अंश आणि स्वयंपाकघर व येण्याजाण्याच्या जागेत १३ अंश तापमान राखता यावे, अशी किमान अपेक्षा नोंदवली. १९६९ पासून ती नगरपालिकांच्या नव्या घरांना बंधनकारक झाली. कामगाराच्या घरालाही ऊब मिळाली पाहिजे हे सार्वजनिक धोरण म्हणून मान्य होणे, ही या इतिहासातील सर्वांत मोलाची घटना मानावी लागेल. शयनगृहांचा मात्र त्या किमान अपेक्षेत समावेश नव्हता, आणि या काळातील काही घरांच्या वरच्या मजल्यावर रेडिएटर लहान किंवा मुळीच नसण्यामागे ही तोकडी अपेक्षाही आहे.

हे सारे परवडणारे झाले ते पंपामुळे. जर्मनीतील डॉर्टमुंड येथे विल्हेल्म ओप्लेंडर याने १९२८ मध्ये पाइपाच्या बाकात विजेवर फिरणारे पाते बसवून पाण्याची गती वाढवण्याचे साधन तयार केले होते. ब्रिटनमध्ये कोळशाच्या उपयोगावर संशोधन करणाऱ्या संस्थेने १९५० च्या दशकात लहान पंप आणि अर्ध्या इंचाचे तांब्याचे पाइप यांची जोडी जमवली. पाच-सहा मीटर उंचीपर्यंत पाणी ढकलण्याइतका दाब देणाऱ्या पंपापुढे पूर्वीचा साडेतीन सेंटीमीटरांचा दाब नगण्य होता, त्यामुळे पाइप बोटाएवढे बारीक झाले, लाकडी तक्तपोशीखालून कसेही वळवता येऊ लागले आणि राहत्या घरात दोन-चार दिवसांत बसवता येऊ लागले. तरीही गुरुत्वाचा जुना फेरा पुरता गेला नाही: अनेक घरांत आंघोळीच्या पाण्याचे तांब्याचे सिलिंडर जाड पाइपांनी पंपाविनाच तापत राहिले आणि पंप फक्त रेडिएटरांसाठी वापरला गेला.

या दुहेरी घडणीचे ज्ञान बिघाड शोधताना फार उपयोगी पडते. वरच्या मजल्यावरील रेडिएटर थोडेफार गरम आणि खालचे सारे गार असतील, तर पंप थांबला असून पाणी केवळ हलकेपणाने वर चढत आहे असा तर्क करता येतो. उन्हाळाभर बंद राहिलेल्या पंपाचा दांडा गाळाने जाम होतो आणि शरद ऋतूत पहिल्यांदा हीटिंग लावल्यावर तो फिरत नाही, ही त्यातील नेहमीची गोष्ट आहे. याउलट खालचे रेडिएटर गरम आणि वरचे गार असतील, तर माळ्यावरील लहान टाकी कोरडी पडल्याची शक्यता अधिक. या टाकीचे प्रयोजन असे की पाणी ४ अंशांपासून १०० अंशांपर्यंत तापवले, तर त्याचे आकारमान सुमारे चार टक्क्यांनी वाढते आणि त्या वाढलेल्या पाण्याला जागा हवी असते. ती जागा आणि गळतीने कमी झालेल्या पाण्याची भरपाई ही दोन्ही कामे माळ्यावरील टाकी करते, तर तिच्यावर उघडे तोंड वळवून ठेवलेला दुसरा पाइप वाफ कोंडू देत नाही. वर्षानुवर्षे न हललेला तरंगता गोळा अडकून राहिला की टाकीत नवे पाणी येत नाही आणि वरच्या मजल्यापासून पाण्याची पातळी खाली उतरू लागते.

उत्तर समुद्राचा वायू

ब्रिटनमध्ये गॅस घरोघर पोहोचला होता तो कोळशापासून तयार केलेला. गॅस लाइट अँड कोक कंपनीला १८१२ मध्ये सनद मिळाल्यापासून शहरांतील गॅसनिर्मितीचे कारखाने हा गॅस पुरवत. त्यात हायड्रोजन आणि अत्यंत विषारी कार्बन मोनॉक्साइड यांचे प्रमाण मोठे असे. सी जेम या तराफ्यावरून १९६५ मध्ये उत्तर समुद्राच्या ब्रिटिश भागात नैसर्गिक वायूचा शोध लागला; त्याच वर्षीच्या २७ डिसेंबरला तो तराफा कोसळून १३ कामगार मरण पावले, याची नोंद या स्वस्त उबेच्या इतिहासात ठेवली पाहिजे. नैसर्गिक वायू मुख्यतः मिथेन असून त्याची उष्णता देण्याची क्षमता जुन्या गॅसच्या सुमारे दुप्पट आणि ज्वाळेची गती कमी असते, त्यामुळे जुन्या बर्नरांत तो नीट जळेना. परिणामी १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत सव्वा कोटीहून अधिक ग्राहकांच्या घरी कर्मचारी पाठवून प्रत्येक चूल, गीझर आणि बॉयलरचे बर्नर बदलण्यात आले. गल्ल्यागल्ल्यांतून पार पडलेले हे काम ब्रिटनच्या शांततेच्या काळातील सर्वांत मोठ्या तांत्रिक मोहिमांपैकी एक ठरले.

स्वस्त आणि धूरविरहित इंधन हाताशी आल्यावर सेंट्रल हीटिंगचा प्रसार वेगाने झाला: १९७० च्या सुमारास साधारण एक-तृतीयांश घरांत असलेली ही व्यवस्था शतकाच्या अखेरीस दहापैकी नऊ घरांत पोहोचली. घराचा वापरही त्याने पालटला. मुले अभ्यासाला आपल्या खोलीत जाऊ लागली, आंघोळीची खोली हिवाळ्यातही वापरण्याजोगी झाली आणि कुटुंब एका शेगडीभोवती एकवटून बसण्याची गरज उरली नाही. त्याच काळात गॅसच्या धोक्याचीही जाणीव तीव्र झाली. पूर्व लंडनमधील रोनन पॉइंट या २२ मजली इमारतीचा एक कोपरा १६ मे १९६८ रोजी गॅसच्या स्फोटानंतर वरपासून खालपर्यंत ढासळला आणि चार जणांचा मृत्यू झाला. पुढे १९७२ मध्ये गॅस सुरक्षेचे नियम आले, आणि आजच्या कायद्यानुसार घरात गॅसचे काम मोबदला घेऊन करणाऱ्याची नोंदणी अनिवार्य आहे. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या मिथेनपासूनही कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. निळी ज्योत पिवळी पडणे, बॉयलरभोवती काजळी दिसणे, किंवा घरातील अनेकांना एकाच वेळी डोकेदुखी आणि मळमळ होणे ही त्याची लक्षणे असून, तेथे घरमालकाने स्वतः हत्यार उचलू नये. बॉयलर बंद करून खिडक्या उघडाव्यात, सर्वांनी बाहेर पडावे आणि तेथून मदत बोलवावी, एवढेच त्याचे काम.

पोलाद, तांबे आणि काळा गाळ

स्वस्त घरांसाठी रेडिएटरही स्वस्त हवे होते. ओतीव लोखंडाच्या जाडजूड रेडिएटरांची जागा १९६० च्या दशकात दाबून घडवलेल्या पातळ पोलादी पत्र्याच्या रेडिएटरांनी घेतली. ते लवकर तापतात आणि कमी पाणी धरतात, परंतु गंजाला बळी पडतात. पाइप तांब्याचे, रेडिएटर पोलादाचे आणि दोहोंतून फिरणारे पाणी एकच, अशा जोडणीत पोलादाची झीज अधिक होते. पाण्यात प्राणवायू मुबलक असेल तर तांबडा गंज येतो. तो संपत आला की लोखंड आणि पाणी यांच्या मंद अभिक्रियेतून मॅग्नेटाइट हा काळा, चुंबकाला चिकटणारा ऑक्साइड आणि हायड्रोजन वायू तयार होतो. रेडिएटरची हवा काढताना बाहेर येणारा वायू नेहमी साधी हवाच असतो असे नाही; वारंवार हवा काढावी लागत असेल आणि बादलीत पडणारे पाणी शाईसारखे काळे असेल, तर आत झीज चालू असल्याचा तो स्पष्ट पुरावा आहे. अशा वेळी त्या तोंडाजवळ ज्योत नेणे धोक्याचे असते, कारण हायड्रोजन पेट घेतो.

या दोन पदार्थांच्या जागा निसर्गतःच वेगळ्या आहेत. वायू वर साचतो, म्हणून रेडिएटरचा माथा गार आणि तळ गरम असेल तर किल्लीने हवा काढावी. गाळ खाली बसतो, म्हणून तळाचा मधला भाग गार आणि माथा गरम असेल तर गाळ धुऊन काढावा लागतो, पाण्यात गंजरोधक रसायन घालावे लागते आणि परतीच्या पाइपावर चुंबकीय गाळणी बसवावी लागते. माळ्यावरील टाकीच्या पाइपांची मांडणी चुकली असेल, तर पंप दर फेऱ्यात थोडे पाणी त्या टाकीत ओततो आणि ताजा प्राणवायू आत ओढतो. अशा घरात केवळ गाळ काढून भागत नाही, मूळ मांडणीच सुधारावी लागते. लंडन आणि आग्नेय इंग्लंडमध्ये खडूच्या खडकांतून येणारे पाणी जड असते, म्हणजे त्यात कॅल्शियमचे क्षार विरघळलेले असतात. या क्षारांचा थर बॉयलरमधील उष्णतेच्या पृष्ठभागावर चढला की त्याच्याखाली पाणी जागोजागी उकळते आणि किटलीसारखा घरघराट ऐकू येतो.

नियंत्रणाचा इतिहास याच्या जोडीने चालला. डेन्मार्कमधील माड्स क्लाउसेन याने १९४३ मध्ये रेडिएटरवर बसणारी अशी झडप शोधली, की तिच्या डोक्यातील पदार्थ खोलीच्या उष्णतेने फुगून आपोआप पाण्याची वाट अरुंद करतो. प्रत्येक खोलीचे तापमान वेगळे ठेवण्याची सोय त्यामुळे झाली, परंतु उन्हाळाभर बंद राहिलेल्या झडपेची सुई अडकून बसण्याचा नवा दोषही आला. एकच रेडिएटर सर्वांगाने गार आणि त्याला येणारा पाइप मात्र गरम असेल, तर डोके काढून ती सुई हलक्या हाताने खाली-वर करून पाहावी. सगळेच रेडिएटर कमी-अधिक गरम पण असमान असतील, तर बॉयलरजवळचे रेडिएटर पाणी पळवतात आणि दूरचे उपाशी राहतात असा त्याचा अर्थ. दुसऱ्या टोकाची टोपणाखालील झडप जवळच्या रेडिएटरांवर थोडी आवळून हा वाटा सारखा करण्याला समतोलन म्हणतात.

माळ्यावरच्या टाकीपासून बंदिस्त मंडळापर्यंत

विसाव्या शतकाच्या अखेरीस माळ्यावरची टाकी हळूहळू हद्दपार झाली. रेडिएटरांना आणि नळांना दोहोंना गरम पाणी देणारा, भिंतीवर टांगता येणारा कॉम्बी बॉयलर युरोपातून आला आणि लहान घरांना तो सोयीचा ठरला, कारण त्याला ना टाकी लागते ना सिलिंडर. बंदिस्त मंडळात पाण्याच्या प्रसरणाची सोय एका धातूच्या डब्यात केलेली असते: त्यात रबरी पडदा असून पडद्याच्या एका बाजूस पाणी आणि दुसऱ्या बाजूस दाबलेली हवा किंवा नायट्रोजन असतो. गार असताना दाबमापीचा काटा १ ते १.५ बार दाखवतो. तापल्यावर तो ३ बारपर्यंत चढून सुरक्षाझडपेतून पाणी बाहेर पडत असेल आणि निवल्यावर शून्याकडे उतरत असेल, तर डब्यातील हवा गेली आहे. याउलट काटा दिवसेंदिवस हळूहळू उतरत असेल, तर गळती शोधावी लागते. दर आठवड्याला नवे पाणी भरत राहणे हा त्यावरचा उपाय नव्हे, कारण त्यासोबत प्राणवायू आणि क्षार आत जातात आणि मागील भागात वर्णिलेली झीज वेग धरते.

इंधनबचतीसाठी इंग्लंड आणि वेल्समध्ये एप्रिल २००५ पासून, काही अपवाद वगळता, संघनन करणारे बॉयलर अनिवार्य झाले. गॅस जळताना तयार होणारी वाफ धूरनळीतून वाया जाऊ न देता तिचे पाणी करून तिच्यातील सुप्त उष्णता परत मिळवणे, हे त्यांचे तत्त्व होय. परत येणारे पाणी सुमारे ५५ अंशांच्या खाली असेल तरच हे घडते. जुन्या व्यवस्थांचा आराखडा मात्र ८२ अंशांनी पाणी बाहेर आणि ७१ अंशांनी परत, असा होता, आणि त्यालाही सबळ कारण होते: आम्लयुक्त दवबिंदूंनी ओतीव लोखंडाचा बॉयलर झिजू नये म्हणून परतीचे पाणी मुद्दाम तप्त ठेवले जाई. पूर्वी जे टाळायचे होते तेच आता साधायचे असल्यामुळे जुन्या सवयीने उच्च तापमानावर ठेवलेला नवा बॉयलर आपली पूर्ण कार्यक्षमता दाखवत नाही, आणि हा न दिसणारा बिघाड केवळ वाढलेल्या बिलातून जाणवतो. संघननाचे आम्लयुक्त पाणी बारीक प्लास्टिकच्या पाइपाने मोरीकडे सोडले जाते. डिसेंबर २०१० च्या कडाक्याच्या थंडीत घराबाहेरून नेलेले असे पाइप गोठले आणि ऐन गरजेच्या दिवसांत असंख्य बॉयलर बंद पडले. उपाय साधा होता: पाइपावर कोमट पाणी ओतून बर्फ वितळवणे आणि पुढच्या वेळेसाठी तो जाड व वेष्टित करणे.

इतिहासाच्या क्रमाने शोध

आतापर्यंतच्या विवेचनातून बिघाड शोधण्याचा एक क्रम हाती येतो, आणि तो या व्यवस्थेच्या घडणीशी बराचसा जुळतो. प्रथम इंधन, वीज आणि नियंत्रण पाहावे: गॅस व वीज येते का, घड्याळ आणि थर्मोस्टॅट उष्णता मागत आहेत का. त्यानंतर बॉयलर पेटतो का, मग मंडळात पुरेसे पाणी आणि योग्य दाब आहे का, मग ते पाणी फिरते का, आणि शेवटी ते प्रत्येक रेडिएटरपर्यंत पोहोचते का, हे तपासावे. स्पर्श, डोळा आणि कान यांनीच यातील पुष्कळशा प्रश्नांची उत्तरे मिळतात. बॉयलरचे आवरण उघडणे, गॅसचा मार्ग सोडवणे आणि धूरनळीला हात लावणे ही नोंदणीकृत तंत्रज्ञाचीच कामे असली, तरी लक्षण नेमके सांगणारा घरमालक त्याचे काम सोपे करतो, स्वतःचा खर्च वाचवतो आणि अनावश्यक भाग बदलण्याचा सल्ला ओळखू शकतो. महाराष्ट्रातून ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या कुटुंबांना, ज्यांच्या मूळ घरांत असे काही नसते, या जाणतेपणाची गरज विशेष असते.

हा इतिहास आता नव्या वळणावर आहे. ब्रिटनमधील पाचांपैकी चारहून अधिक घरे आजही गॅसवर तापतात, आणि हवामानबदलाच्या चिंतेने शासन बाहेरच्या हवेतील उष्णता विजेच्या साह्याने घरात आणणाऱ्या उष्णतापंपाचा पुरस्कार करत आहे. २०२८ पर्यंत वर्षाला सहा लाख पंप बसवण्याचे उद्दिष्ट २०२० मध्ये जाहीर झाले होते. उष्णतापंप कोमट पाण्यावर, साधारण ३५ ते ५५ अंशांवर, उत्तम चालतो, म्हणजे त्याला मोठे रेडिएटर, मोकळे वाहणारे पाइप, स्वच्छ पाणी आणि उष्णता धरून ठेवणाऱ्या भिंती लागतात. १९७० च्या दशकात खर्च वाचवण्यासाठी टाकलेले आठ-दहा मिलिमीटरांचे अतिबारीक पाइप आणि दशकानुदशके साचलेला काळा गाळ यांची किंमत येथे चुकवावी लागेल. ब्रेंडा बोर्डमन यांनी १९९१ मध्ये इंधनदारिद्र्यावर, म्हणजे घर पुरेसे उबदार ठेवणे न परवडण्याच्या स्थितीवर, ग्रंथ लिहून दाखवले की अशा दारिद्र्याचे मूळ केवळ कमी उत्पन्नात नसते, तर उष्णता गमावणारे घर आणि अकार्यक्षम यंत्रणा यांतही असते. म्हणून पुढची यंत्रणा कोणतीही असो, ती जुन्या घरात बसवण्यापूर्वी त्या घरातील पाइप, पाणी आणि भिंती यांचा पूर्ववृत्तान्त तपासला गेला पाहिजे. तो न तपासता केलेल्या बदलाचा भुर्दंड, पूर्वीच्या प्रत्येक बदलाप्रमाणेच, ज्यांना तो सर्वांत कमी परवडतो त्या घरांवर पडेल.